वीस रुपयांची तरतरी

एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर आता काचेच्या दाराचा फ्रिज असतोच. त्यात पाण्याच्या बाटल्या, कोला, आंब्याचं पेय आणि त्यांच्याच रांगेत लालभडक किंवा पिवळ्याजर्द रंगाच्या पाव लिटरच्या बाटल्या. किंमत वीस रुपये. आठवीतला मुलगा ती घेतो, रात्रपाळीला निघालेला वॉचमन घेतो, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर जाताना घेतात. दुकानदार तिघांनाही सारख्याच सहजपणे देतो, कारण त्याच्या लेखी ते कोल्ड्रिंकच. घरच्यांच्या लेखीही तेच.

बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली, तर मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत वेगळीच गोष्ट लिहिलेली सापडते. हे पेय लहान मुलांनी, गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि कॅफिन ज्यांना सोसत नाही त्यांनी घेऊ नये. इतरांनीही दिवसाला पाचशे मिलिलिटरच्या वर घेऊ नये. ही सूचना कंपनीने आपल्या मनाने दिलेली नाही, देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ती सक्तीची केली आहे. मुलांसाठी नाही असं ज्यावर छापलेलं आहे, तेच मुलांच्या खाऊच्या पैशांत मिळतं. याचा मला मनापासून राग येतो. पण रागाच्या भरात माहिती वाकडी होऊ नये, म्हणून आधी या बाटलीत काय असतं आणि ते शरीरात जाऊन काय करतं, ते नीट पाहू.

ही पेयं मुळात कुणासाठी निघाली, हे समजून घेण्यासारखं आहे. १९६२ साली जपानमधल्या ताइशो या औषध कंपनीने ‘लिपोव्हिटान डी’ नावाचं टॉनिक बाजारात आणलं. तपकिरी काचेची छोटी बाटली, आत टॉरिन आणि ब जीवनसत्त्वं. त्याच धर्तीवर १९७०च्या दशकात थायलंडमध्ये चालेओ युविध्या यांनी ‘क्राटिंग डेंग’ काढलं. तिथले ट्रकचालक आणि अंगमेहनतीची कामं करणारे लोक ते पीत. डीट्रिख माटेशिट्झ या ऑस्ट्रियन विक्री व्यावसायिकाने ते तिथे चाखलं, युविध्यांशी भागीदारी केली आणि १९८७ मध्ये युरोपात ‘रेड बुल’ आलं. थकलेल्या मजुराला आणखी चार तास राबता यावं, म्हणून जे पेय खपत होतं, ते पुढे मोटारींच्या शर्यती, संगीताचे जलसे आणि तरुणांच्या पार्ट्यांचं पेय झालं. आपल्याकडे रेड बुलचा डबा बरीच वर्षं महाग होता, शहरातल्या मोठ्या दुकानांपुरताच होता. किंमत हेच त्याचं कुंपण होतं. पेप्सिकोने २०१७ मध्ये ‘स्टिंग’ भारतात आणलं आणि पुढे ते वीस रुपयांच्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळू लागलं, तेव्हा ते कुंपण पडलं. मग इतर कंपन्याही त्याच भावात उतरल्या. खेड्यापाड्यांतल्या किराणा दुकानांपर्यंत ही बाटली पोचली ती तेव्हापासून.

आता आतल्या मालाकडे वळू. पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, कॅफिन, टॉरिन, ब गटातली जीवनसत्त्वं, रंग आणि वास. टॉरिनबद्दल बैलाच्या नाना अंगांच्या अफवा पोरांमध्ये फिरत असतात, त्यात तथ्य नाही. डब्यातलं टॉरिन कारखान्यात तयार होतं, आणि आपलं शरीरही ते स्वतः बनवतं. यातला कामाचा घटक कॅफिन. भारतीय नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरमागे किमान १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत.

इथे कुणीही रास्त प्रश्न विचारील की मग चहाचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत आकडे आहेत. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, दळलेल्या बियांच्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाचं एकूण कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं ही संस्था सांगते. तेव्हा एका बाटलीतलं कॅफिन म्हणजे काही भलतं विष नव्हे. सशक्त मोठ्या माणसाने कधीमधी एखादी बाटली घेतली, तर त्याला काही होईल असं म्हणायला आधार नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही.

फरक पडतो तो पिण्याच्या पद्धतीने. चहा गरम असतो, कडवट असतो, घोट घोट घ्यावा लागतो, आणि आपल्या घरात लहान मुलांना तो दुधाळ करून किंवा बशीत जरासाच देण्याची रीत आहे. म्हणजे त्याला किती आणि कुणाला याचं एक वळण पडलेलं आहे. ही बाटली थंड आणि गोड, दोन मिनिटांत संपते. उन्हातून आलेला पोरगा तहान म्हणून ती पितो आणि तहान भागली नाही की दुसरी घेतो. पाठोपाठ दोन बाटल्या म्हणजे दीडशे मिलिग्रॅम, तेही एकदम. वर दिवसभराचे तीन-चार चहा वेगळेच. मोठ्यांचीही तीनशेची मर्यादा अशी नकळत ओलांडली जाते, कारण चहा आणि बाटली यांची बेरीज कुणी करत नाही.

कॅफिन करतं काय? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते जाऊन बसलं की डोळे जड होतात, जांभया येतात, अंथरुणाची ओढ लागते. कॅफिनची घडण ॲडिनोसिनशी मिळतीजुळती असल्याने एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशा ते या जागा अडवून ठेवतं. ॲडिनोसिन साठायचं मात्र थांबत नाही. काही तासांनी कॅफिन उतरलं की तुंबलेलं सगळं एकदम जागा घेतं आणि माणूस पहिल्यापेक्षा जास्त गळून जातो. म्हणजे थकवा गेलेला नसतो, त्याची खबर मेंदूला लागलेली नसते एवढंच. ऊर्जा म्हणावी अशी गोष्ट या बाटलीत एकच, ती म्हणजे साखर. बाकी सगळी उसनी जाग.

दुसरा परिणाम होतो तो ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन या रसायनांवर. संकट आलं की शरीर जी तयारी करतं तीच या रसायनांमुळे होते: नाडी वाढते, रक्तदाब चढतो, हातापायांना कंप सुटतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २५ धडधाकट तरुण माणसांना एकदा साधारण अर्धा लिटर एनर्जी ड्रिंक आणि दुसऱ्या दिवशी त्याच चवीचं कॅफिन नसलेलं पेय दिलं. खऱ्या पेयानंतर रक्तातलं नॉरॲड्रिनलिन सुमारे ७४ टक्क्यांनी वाढलं, नकली पेयानंतर ३१ टक्क्यांनी. रक्तदाबातली वाढही दुपटीच्या घरात गेली. हे मोजताना ही माणसं विश्रांतीत होती, पळत नव्हती की भांडत नव्हती.

हृदयाचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. एकेका ठोक्यानंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यांना पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत व्हायला थोडा वेळ लागतो. ईसीजीच्या कागदावर हा वेळ मोजता येतो, डॉक्टर त्याला क्यूटी अंतर म्हणतात. ते फार लांबलं, तर ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि क्वचित ती इतकी बिघडते की हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये १८ निरोगी माणसांवर एक चाचणी घेतली. एकदा ३२० मिलिग्रॅम कॅफिन असलेलं एनर्जी ड्रिंक आणि एकदा तेवढंच कॅफिन घातलेलं साधं पेय. दोन तासांनी एनर्जी ड्रिंकवाल्यांचं क्यूटी अंतर दुसऱ्या पेयाच्या मानाने दहा मिलिसेकंदांनी जास्त भरलं. सहा तासांनंतरही एनर्जी ड्रिंकने चढलेला रक्तदाब पुरता उतरलेला नव्हता, नुसत्या कॅफिनचा उतरला होता. दोन्हींत कॅफिन सारखंच, तरी फरक पडला. याचा अर्थ या मिश्रणातल्या बाकीच्या घटकांचाही काही हात असावा. २०१९ मध्ये ३४ जणांवर अशीच चाचणी झाली, दोन निरनिराळी पेयं वापरून, आणि तिथेही क्यूटी अंतर चार तासांपर्यंत वाढलेलं दिसलं. या चाचण्या लहान आहेत आणि त्यांत जवळजवळ एक लिटर पेय तासाभरात पाजलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. एका बाटलीने असंच होईल असा त्यांचा अर्थ नाही.

पण काही माणसांचं क्यूटी अंतर जन्मतःच लांब असतं. दोन हजारांत साधारण एकाला हा दोष असतो, आणि बहुतेकांना तो असल्याचं ठाऊकही नसतं. बाहेरून मुलगा ठणठणीत दिसतो, खेळतो, धावतो. मेयो क्लिनिकमध्येच अचानक हृदय बंद पडूनही वाचलेल्या १४४ जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या सातजणांनी घटनेच्या थोडं आधी एनर्जी ड्रिंक घेतलं होतं. या सगळ्यांना आनुवंशिक हृदयविकार होते किंवा तसा संशय होता. कारण तेच होतं असं संशोधक म्हणत नाहीत. अपुरी झोप, कष्ट, उपाशीपोट अशा गोष्टीही काहींच्या बाबतीत जोडीला होत्या. त्यांचं म्हणणं इतकंच की आधीच कमकुवत असलेल्या जागी हा आणखी एक धक्का ठरू शकतो. आपल्याकडे शाळेत किंवा भरतीआधी ईसीजी काढण्याची पद्धत नाही. कुठल्या पोराच्या छातीत ही कमकुवत जागा आहे, हे त्याच्या आईबापांना कळणार कसं?

रोज पिणाऱ्याचं काय होऊ शकतं याची एक नोंद मला फार बोलकी वाटते. २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉक्टरांनी ती दिली. एकवीस वर्षांचा विद्यार्थी. दोन वर्षं तो रोज अर्ध्या लिटरचे चार डबे पीत होता. एकेका डब्यात १६० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे दिवसाला ६४० मिलिग्रॅम. आधी हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, झोप लागायची नाही, अभ्यासात मन लागायचं नाही. त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही. मग जिना चढताना दम लागू लागला, वजन उतरलं, अंगात त्राण राहिलं नाही म्हणून त्याने विद्यापीठ सोडलं. असे चार महिने काढल्यावर तो रुग्णालयात आला, तेव्हा हृदयाचे दोन्ही भाग निकामी होत आले होते आणि आत रक्ताच्या गुठळ्या होत्या. दोन्ही मूत्रपिंडंही काम देईनाशी झाली होती. मूत्रपिंडांचा दोष जुना होता, आधी ध्यानात न आलेला, आणि त्याचा या पेयाशी संबंध नव्हता. हृदयाच्या बाबतीत मात्र दुसरं कारण सापडेना. हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही बदलावी लागतील, असा विचार सुरू झाला. अठ्ठावन्न दिवस तो रुग्णालयात होता. औषधं सुरू झाली, डबे बंद झाले, आणि काही महिन्यांत त्याचं हृदय बरंचसं पूर्ववत झालं. बरा झाल्यावर त्याने स्वतःचं म्हणणंही त्या नोंदीत लिहिलं आहे. या पेयांची किती चटक लागते आणि ती लहान मुलांना किती सहज मिळतात, हे लोकांना कळत नाही, असं तो सांगतो. सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा यांवरही असावा, ही त्याची सूचना आहे.

एका रुग्णाच्या कहाणीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरंच. पण तिच्यातला क्रम ओळखीचा आहे. थरथर, धडधड, तुटक झोप, मग सकाळची मरगळ आणि मरगळ घालवायला पुन्हा तेच पेय.

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत हा क्रम रोज दिसतो. रात्रीचा दीड वाजलेला. टेबलावर राज्यव्यवस्थेच्या टिपणांची चळत, खुणेला घातलेलं रिकामं पाकीट, कडेला अर्धी झालेली बाटली. तिचं बूच उघडंच, गॅस निघून गेलेला. गावाकडून आलेला मुलगा मेसचं जेवण, खोलीचं भाडं, क्लासची फी यांचा हिशेब पैशापैशाने करतो, आणि त्यातून रोज वीस-चाळीस रुपये या बाटलीला बाजूला काढतो. त्याला वाटतं, जागरणाने अभ्यास वाढतो. प्रत्यक्षात दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम मेंदू झोपेत करतो. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. रात्री अकराला घेतलेल्या बाटलीतलं निम्मं कॅफिन पहाटे चारलाही रक्तात असतं. त्यात तो झोपला तरी झोप उथळ लागते. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. नॉर्वेतल्या त्रेपन्न हजारांवर विद्यार्थ्यांच्या पाहणीत, २०२४ मध्ये, रोज एनर्जी ड्रिंक पिणाऱ्यांची झोप क्वचित पिणाऱ्यांपेक्षा साधारण अर्ध्या तासाने कमी निघाली. रोजचा अर्धा तास म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. परीक्षेच्या वर्षात हा तोटा कोणत्या टिपणाने भरून निघतो?

हे पाच तासही सगळ्यांना लागू नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या शरीरात कॅफिन जवळपास दुप्पट वेळ टिकतं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर पंधरा तासांपर्यंत. यकृतातलं जे विकर कॅफिन मोडतं ते कुणात झपाट्याने काम करतं, कुणात सावकाश. त्यामुळे मित्राला दोन बाटल्या पचतात म्हणून आपल्यालाही पचतील, हा हिशेब चुकीचा आहे.

मुलांच्या बाबतीत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये धरलेली मर्यादा किलोमागे तीन मिलिग्रॅमची आहे. तिसरी-चौथीतलं पंचवीस किलोचं मूल घेतलं, तर दिवसाला पंचाहत्तर मिलिग्रॅम. एका बाटलीत त्याचा दिवसाचा कोटा संपला. त्याने चॉकलेट खाल्लं, चहा घेतला, कोला प्यायला की मर्यादा ओलांडली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही, कमी नाही की जास्त नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ५७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत बारा लाखांवर मुलामुलींची माहिती होती. ही पेयं घेणाऱ्या मुलांत चिंता, ताण, उदासी आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. उदास मुलंच या पेयांकडे वळतात की पेयांनी उदासी वाढते, याचा निवाडा अशा पाहण्यांतून होत नाही. तरी घरातलं मूल चिडचिडं झालं, रात्री टक्क जागं राहू लागलं, तर अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून देण्याआधी दप्तरात बाटल्या आहेत का, ते पाहावं.

साखरेबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. रेड बुलच्या पाव लिटरच्या डब्यात सुमारे २७ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ सात चमचे. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराच्या वरच्या साखरेची मर्यादा २५ ग्रॅम धरली आहे. बिनसाखरेचा डबा घेतला, तर साखर टळते. कॅफिन आणि आम्ल मात्र तेवढंच राहतं, आणि हे आम्ल दातांच्या वरच्या कवचाला खातं. ब जीवनसत्त्वं आहेत म्हणून पेय पौष्टिक, असं समजणाऱ्यांसाठी २०१६ ची एक नोंद आहे. अमेरिकेत बांधकामावर काम करणारा पन्नाशीचा एक माणूस काम झेपावं म्हणून तीन आठवडे रोज चार-पाच बाटल्या पीत होता. तो कावीळ होऊन रुग्णालयात आला. यकृताला सूज आली होती, आणि डॉक्टरांनी बोट ठेवलं ते त्या पेयांतल्या नायसिनवर, म्हणजे ब गटातल्याच एका जीवनसत्त्वावर. जीवनसत्त्वालाही प्रमाण असतं.

दारूत मिसळून पिण्याचा प्रकार लग्नाच्या वरातीत आणि ढाब्यांवर सर्रास चालतो. त्यात धोका असा की दारू चढल्याची जाणीव कॅफिन दाबून टाकतं. माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटत राहतं, तो आणखी पितो आणि गाडीही चालवायला घेतो. रक्तातली दारू कॅफिनने तसूभरही कमी होत नाही. कॅफिन घातलेल्या तयार दारूच्या डब्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कंपन्यांना नोटिसा दिल्या, त्यानंतर ते डबे बाजारातून गेले. आपल्याकडे हे मिश्रण ग्लासात होतं, त्याला नोटीस कोण देणार.

मला जास्त काळजी वाटते ती कष्टाच्या कामातल्या माणसांची. समृद्धी महामार्गाच्या सातशे किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर रात्री ट्रक हाकणारा चालक डोळे मिटू लागले की बाटली फोडतो. कॅफिन पुरतं अंगात भिनायला अर्धा-पाऊण तास लागतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तेवढ्या वेळात ऐंशीच्या वेगाने गाडी चाळीस ते साठ किलोमीटर जाते. आणि झोप फारच तुंबलेली असेल, तर डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपी जातो. त्यावर कुठल्याही पेयाचा इलाज नाही. गाडी बाजूला लावून वीस मिनिटं डोळा लावणं हाच खरा उपाय. चहा-कॉफी घ्यायचीच असेल, तर ती आधी घेऊन लगेच पडावं, उठेपर्यंत कॅफिन लागू पडू लागलेलं असतं. पण माल वेळेत पोचला नाही, तर भाडं कापणारा मालक चालकाला ही वीस मिनिटं देत नाही. बाटलीचं व्यसन पुष्कळदा मजुरीच्या अटींतून येतं, ही गोष्ट आरोग्याच्या सल्ल्यांमध्ये हरवून जाते.

भरतीची पोरं सोळाशे मीटर धावण्याआधी बाटली रिकामी करतात, एप्रिल-मेच्या उन्हातही. कॅफिनने धावण्यात थोडा फायदा होतो हे खोटं नाही, खेळाडूही मोजून-मापून ते घेतात. पण घामाने गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला हे पेय निघालेलं नाही. इतकी साखर असलेलं फेसाळ पेय पोटात रेंगाळतं, जीव मळमळतो. आधीच जोरात चाललेल्या हृदयाला कॅफिन आणखी टाच मारतं. खेळाडूंसाठीची मीठ-साखरेची पेयं वेगळी आणि ही वेगळी, हे प्रशिक्षण देणारे सरही पोरांना सांगत नाहीत असं दिसतं. मैदानावर न्यायचं, तर पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, ताक, कोकम. खायला केळं किंवा चणे-गूळ. यांतलं काहीच महाग नाही.

सरकारी पातळीवर काही हालचाल झाली आहे. एफएसएसएआयने २०१६ मध्ये या पेयांची प्रमाणं ठरवली. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बजावलं की दूध, धान्य किंवा माल्टच्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’, ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणून विकू नका. सप्टेंबर २०२५ पासून कॅफिनयुक्त पेयांवर चाळीस टक्के जीएसटी लागला. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत जाहीर केलं की शाळांच्या पाचशे मीटर परिसरात जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी आणू. घोषणा योग्यच होती. पण अंतराची बंदी आणि वयाची बंदी यांत फरक आहे. शाळेपासून सहाशे मीटरवरच्या दुकानात तोच मुलगा तीच बाटली घेऊ शकतो. लिथुआनियाने २०१४ मध्ये, लाटव्हियाने २०१६ मध्ये आणि पोलंडने जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना ही पेयं विकायलाच मनाई केली. दुकानदाराने वय विचारायचं, संशय आला तर ओळखपत्र मागायचं. तंबाखूच्या बाबतीत आपला कायदा वयाचं बंधन घालतो. ते पुष्कळ ठिकाणी पाळलं जात नाही, तरी दुकानदाराला नाही म्हणायला आधार तरी मिळतो. इथेही वयाचं बंधन हवं, आणि बाटलीवरची सूचना मराठीत, समोरच्या बाजूला, दिसेल अशी छापलेली हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना रोजची सवय लागली आहे त्यांनी एकदम बंद केलं, तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो आणि फार तर नऊ दिवसांत ओसरतो. डोकं दुखतंय म्हणून पुन्हा बाटली घेतली की लगेच बरं वाटतं, आणि तिथेच माणूस अडकतो. म्हणून दोनाची एक, एकाची अर्धी असं दोन-तीन आठवड्यांत उतरत आणणं सोपं जातं. दुपारनंतरची बाटली आधी तोडावी, म्हणजे झोप सुधारते आणि सकाळच्या बाटलीची गरजही आपोआप कमी होते.

ज्यांच्या घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, ज्यांना धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन शुद्ध हरपल्याचा अनुभव असेल, ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास आहे, त्यांनी हे पेय तोंडालाच लावू नये आणि एकदा ईसीजी काढून घ्यावा. बाटलीनंतर छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे वाटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी पडून राहण्यात अर्थ नाही, सरळ दवाखाना गाठावा. तिथे डॉक्टर विडी-सिगारेट, तंबाखू, दारू यांबद्दल विचारतील, कदाचित चहाबद्दलही. या बाटल्यांबद्दल पुष्कळदा विचारत नाहीत, कारण वीस वर्षांच्या पोराच्या धडधडीमागे त्या असतील हे अजून सगळ्यांच्या ध्यानात येत नाही. तेव्हा रोज किती, केव्हापासून आणि शेवटची किती वाजता घेतली, हे आपणहून सांगावं. जमल्यास बाटलीवरच्या घटकांचा फोटोही दाखवावा.